काळ्या दगडाचें दुमजली घर : त्याचें बाह्यांग कसें राखावें?

‘घर पहावें बांधून’ ही म्हण आपल्याकडे सर्वतोमुखी आहे. परंतु ती घर बांधणाराला सावध करते. ज्याला घर वाडवडिलांकडून आयतें मिळालें त्याला तिच्यांत कांहींच उपदेश नाहीं. आणि आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांची स्थिति आज हीच आहे. पुणें, सातारा, वाई, सांगली, नाशिक अशा गांवांत आजोबांनीं किंवा पणजोबांनीं बांधलेलें एखादें दुमजली घर अजून उभें असतें. खालचा मजला काळ्या दगडाचा, वरचा विटांचा, छपरावर मंगळुरी कौलें, आणि सबंध घरावर करड्या रंगाची एक गंभीर छाया. नव्या पिढीला तें उदास वाटतें. शेजारच्या रंगीबेरंगी इमारतींपुढें तें ओशाळल्यासारखें दिसतें, आणि मग एके दिवशीं घरांतलें कोणीतरी म्हणतें, “ह्याला एकदां चांगला रंग देऊन टाका पाहूं!”

आमच्या घरींही असेंच झालें. त्यांत आमची जी फजिती झाली ती प्रथम सांगतों. कारण पुढें जे चार शब्द लिहावयाचे आहेत ते सारे त्या फजितींतूनच शिकलेले आहेत.

सातारच्या आमच्या घराचें जोतें आजोबांनीं १९३४ सालीं घातलें. खालीं दीड हात जाडीच्या दगडी भिंती, वर विटांचा मजला, रस्त्याकडे लांकडी कठड्याचा सज्जा आणि पुढच्या अंगणांत तुळशीवृंदावन, असा त्याचा थाट. वरच्या मजल्याचा चुन्याचा गिलावा पुढें केव्हांतरी काढून तेथें सिमेंटचा गिलावा चढविला गेला, आणि त्याला रंग देण्याचें राहूनच गेलें. त्यामुळें खालीं दगड करडा आणि वर सिमेंट करडें, असें तें घर अगदींच विरक्त दिसूं लागलें. दहा-बारा वर्षांपूर्वीं आमचे धाकटे बंधु म्हणाले, “दादा, आपलं घर कचेरीसारखं दिसतं. मुलांना मित्र घरी आणायची लाज वाटते.” आई माजघराच्या उंबऱ्यांत बसली होती. ती इतकेंच म्हणाली, “जात्याला कोणी रंग देतं का रे? मग दगडाला कशाला?” आम्हीं तें हंसण्यावारीं नेलें.

एका ठेकेदाराशीं बोलणें झालें. त्यानें दगडांच्या दरजा उकरून त्यांत सिमेंट भरलें, आणि खालपासून वरपर्यंत सबंध दर्शनी भाग जाड प्लॅस्टिक रंगानें बदामी करून टाकला. दिवाळींत आकाशकंदील लागला तेव्हां घर खरोखरच नवीन दिसत होतें, आणि येणाराजाणारानें आमची वाहवा केली. परंतु पुढच्याच पावसाळ्यांत आईच्या खोलीची पश्चिमेकडील भिंत आंतून ओली झाली. त्याच्या पुढच्या पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे पडूं लागले, कपाटांतील लुगड्यांना कुबट वास येऊं लागला, आणि आईचा दमा उफाळला. डॉक्टरांनीं तिला ती खोली सोडावयास सांगितलें. आम्हीं तिला माडीवर नेलें. पण गुडघ्यांच्या दुखण्यामुळें तिला जिना उतरवेना, आणि साठ वर्षें न चुकलेलें तुळशीला पाणी घालणें तिचें सुटलें. सकाळीं ती सज्ज्यांत खुर्ची टाकून बसे आणि सून खालीं पाणी घालीत असतां वरूनच हात जोडी. तें पाहून आम्हांस काय वाटत असे तें येथें लिहीत नाहीं.

घर दाखविण्यासाठीं आम्हीं ज्यांना बोलाविलें त्यांपैकीं एकानें सरळ सांगितलें, “भिंती संपल्या. पाडा आणि फ्लॅट बांधा.” आम्ही दोघे बंधु जवळजवळ कबूलही झालों होतों. तेवढ्यांत एका वृद्ध गवंड्याची गांठ पडली. त्यानें भिंतीवर हातोडीची दांडी वाजवून पाहिली, सिमेंटच्या दरजेवर नख ओढलें आणि म्हटलें, “दादा, भिंत संपली नाही. तुम्ही तिचं नाक दाबलंय.”

काळा दगड म्हणजे काय?

त्याचें म्हणणें नीट कळावयास हा दगड काय आहे तें पाहिलें पाहिजे. सह्याद्रि आणि दख्खनचें पठार हें सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थरावर थर वाहत आलेल्या लाव्हारसाचें झालेलें आहे. तो रस थिजून जो बेसाल्ट दगड झाला तोच आपला काळा दगड. खाणींतून नुकताच फोडला कीं तो निळसर करडा दिसतो. ऊन-पाऊस खाऊन त्यावर काळसर आणि क्वचित् तांबूस झांक येते, कारण त्यांत लोहाचा अंश असतो. म्हणजे आपलें घर ज्या करड्या रंगाचें आहे तो रंग कोणीं निवडलेला नाहीं. तो ह्या भूमीचाच आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याची तटबंदी पहा. वाड्याचा पाया १७३० सालीं घातला गेला. वरचे लांकडी व विटांचे मजले १८२८ सालच्या आगींत नष्ट झाले. परंतु दगडी जोतीं आणि तटाचा खालचा दगडी भाग अजून उभा आहे. येरवड्याची डेक्कन कॉलेजची जुनी इमारत १८६० नंतरच्या दशकांत ह्याच करड्या दगडांत बांधली गेली. तिच्यापुढें उभें राहून ‘हिला रंग द्यावयास हवा होता’ असें कोणाच्याही मनांत येत नाहीं. तेथें दगड आहे तसा ठेविला आहे, आणि शोभा आली आहे ती कमानींच्या सांवल्यांनीं, भोंवतालच्या वृक्षांनीं आणि दरजांच्या रेखीवपणानें.

आतां गवंड्याचें ‘नाक’ कोणतें तें सांगतों. घट्ट बेसाल्ट पाणी फारसें शोषीत नाहीं, आणि म्हणूनच भिंतीच्या पोटांत गेलेली ओल दगडांतून बाहेर पडूं शकत नाहीं. ती पडते दरजांतून. चुन्याची दरज मऊ आणि सच्छिद्र असते. पावसाळ्यांत थोडें पाणी तिच्यांतून आंत गेलें तरी दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेंत तें तिच्यांतूनच उडून जातें. सिमेंटची दरज घट्ट आणि ताठ असते. दगड उन्हानें किंचित् फुगतो, रात्रीं आकसतो; सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाहीं, म्हणून दगड आणि सिमेंट ह्यांच्यामध्यें केंसाएवढी फट पडते. त्या फटींतून पाऊस आंत शिरतो, परंतु परत येण्याची वाट रंगानें आणि सिमेंटनें बंद केलेली असते. मग तें पाणी घराच्या आंतल्या बाजूस वाट काढतें. आमच्या आईच्या खोलींत नेमकें हेंच झालें होतें.

दोन प्रकारचा करडेपणा

येथें एक भेद लक्षांत ठेवावयास हवा. करडीं घरें दोन जातींचीं असतात. एक दगडाचीं, दुसरीं सिमेंटचीं. पोर्टलंड सिमेंटचें पेटंट इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ सालीं घेतलें, आणि आपल्या देशांत पोरबंदरच्या कारखान्यांतून १९१४ सालापासून सिमेंट निघूं लागलें. पुण्यांत १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकाठच्या पेठांतील कितीतरी जुने वाडे कोसळले, आणि त्यानंतर तेथें जीं घरें उभीं राहिलीं त्यांत सिमेंटचाच भर होता. सिमेंटच्या गिलाव्याचा करडेपणा हा अंगचा रंग नव्हे. तें नुसतें अर्धवट राहिलेलें काम आहे. त्याला रंग देण्यास हरकत नाहीं, किंबहुना द्यावाच. दगडाला मात्र देऊं नये. आमची चूक ही कीं आम्हीं दोघांना एकाच कुंचल्यानें झोडपलें.

म्हणून दुमजली घराचा पहिला नियम असा : खालचा मजला दगडाचा असेल तर तो उघडा ठेवावा, आणि उजेड वर न्यावा. वरचा मजला फिकट झाला म्हणजे घराचें डोकें हलकें दिसतें, आणि खालचा गडद दगड त्याला भक्कम बैठक देतो. उलट केलें, म्हणजे खालीं फिकट आणि वर गडद, तर घर वांकल्यासारखें दिसतें. फिकट रंग ऊनही परतवितो, त्यामुळें माडीवरच्या खोल्या उन्हाळ्यांत थोड्या तरी सुसह्य होतात. वरच्या विटांवर अजून चुन्याचा गिलावा असेल तर त्याला चुन्याचीच सफेदी द्यावी, आणि तिच्यांत थोडी पिवडी मिसळून दुधाच्या सायीसारखी छटा आणावी. सायीचा रंग, कौलांचा तांबूस रंग आणि दगडाचा करडा रंग ह्या तिघांचें सख्य जुनें आहे. मंगळूर येथें बासेल मिशननें कौलांचा कारखाना १८६५ सालीं काढला, तेव्हांपासून हें लाल छप्पर आपल्या करड्या भिंतींवर शोभत आलें आहे. तें काढून त्याजागीं निळे पत्रे घालण्याचा मोह शक्य तोंवर आवरावा.

ज्यांचें सबंध घरच सिमेंटचें आहे, आणि ज्यांना करडाच रंग आवडतो, त्यांनीं छटा निवडतांना घाई करूं नये. दुकानांतील कागदाच्या चिठ्ठीवर दिसणारा करडा रंग भिंतीवर निराळाच दिसतो. सांवलींत तो निळा पडतो, संध्याकाळच्या उन्हांत तांबूस होतो, आणि भिजला कीं काळवंडतो. दोन-तीन छटांचे दोन हात लांबरुंद पट्टे पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीवर मारून ठेवावे, आणि सकाळीं, दुपारीं व दिवेलागणीला पाहून मग ठरवावें. किंचित् मातकट झांक असलेला करडा रंग आमच्याकडील प्रखर उन्हांत निळसर करड्यापेक्षां अधिक मायाळू दिसतो. शिवाय सबंध भिंत एकाच छटेची न करतां, जोत्याचा पट्टा गडद, भिंत मध्यम आणि खिडक्यांच्या चौकटींभोंवतीं वीतभर पांढरी कड, एवढें केलें तरी घराला नाकडोळे येतात.

दरजा, लांकूडकाम आणि सांवली

दगडी भिंतीच्या दरजा उसवल्या असतील तर त्या चुन्यानेंच भराव्या. कळीचा चुना नीट विरवून, एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग चाळलेली वाळू घ्यावी. ओलीची जागा असेल तर विटांची सुरखी थोडी मिसळावी. तिच्यामुळें चुना ओलींतही धरतो. जुना माल हातछिनीनें हळू काढावा. दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल जावें, आंत पाणी शिंपावें आणि मग दाबून भरावें. भरलेली दरज दगडाच्या तोंडापेक्षां केंसभर आंत असावी. दगडावर पसरलेली, वर जाड पट्ट्या काढलेली दरज पाणी अडविते आणि दिसतेही ओंगळ. चुना हवेंतील कर्बवायु घेऊन सावकाश कठीण होतो, म्हणून काम झाल्यावर कांहीं दिवस ओलीं पोतीं लावून ठेवावीं. हें काम दसरा ते होळी ह्या काळांतच करावें.

लांकूडकामाविषयीं आमचें मत असें आहे कीं करड्या घराला दाराखिडक्यांचे रंग दोनच पुरेत. सागवान चांगलें असेल तर जवसाचें तेल देऊन त्याचा मूळचा तपकिरी रंग राखावा; लांकूड सामान्य असेल तर गर्द हिरवा द्यावा. करड्या दगडाशेजारीं गर्द हिरवा रंग फार खुलतो. लोखंडी गजांना काळा. ह्यापलीकडे चौथा रंग आणला कीं घराचा बाजार होतो. मुख्य दरवाजा मात्र खुशाल सर्वांहून उठून दिसावा. पाहुण्याची नजर प्रथम तेथेंच जावयास हवी. पितळी कड्या घांसून लख्ख असाव्या, नांवाची पाटी दगडाची किंवा लांकडाची असावी, आणि तोरण अडकविण्यास दोन खिळे कायमचे असावे.

करड्या घराची खरी शोभा रंगापेक्षां सांवलींत आहे. दगडाचा पृष्ठभाग सपाट असला तर तो मेल्यासारखा दिसतो. छज्ज्याची, कठड्याच्या नक्षीची, कौलांच्या कडेची सांवली त्यावर पडली कीं तो जिवंत होतो. म्हणून खिडक्यांवरचे जुने छज्जे कदापि काढूं नयेत. नसतील तर दीड-दोन फुटांचे करून घ्यावे. त्यांनीं ऊनही अडतें आणि पाऊसही. तथापि शोभेसाठीं घरावर वजन चढवूं नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या जिल्ह्यांतील वडील मंडळींच्या स्मरणांत आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीला मातींत रचलेल्या जड दगडी भिंतींनींच माणसें गाडलीं. जुन्या घरावर सिमेंटचे जड कठडे, किंवा दर्शनी भिंतीवर चिकटवलेल्या जाड फरशा, ह्या गोष्टी इंजिनियरला विचारल्याशिवाय करूं नयेत.

आजच्या काळाच्या कांहीं अडचणी आजोबांना नव्हत्या. पाण्याची टाकी, तिचे नळ, नाना प्रकारच्या तारा, वातानुकूलनाचीं खोकीं आणि सौर तक्ते हीं आतां प्रत्येक घरावर येऊन बसलीं आहेत. त्यांना हांकलून देतां येणार नाहीं. परंतु त्यांना जागा नेमून देतां येते. खोकीं मागच्या किंवा बोळाकडच्या भिंतीला लावावीं, आणि त्यांतून ठिबकणारें पाणी नळीनें झाडांकडे न्यावें, भिंतीवरून ओघळूं देऊं नये. पांढरे प्लॅस्टिकचे नळ करड्या भिंतीवर हाडांसारखे दिसतात. त्यांना दगडाच्याच छटेचा रंग दिला तर ते लपून जातात. तारा एका उभ्या नळींत एकत्र बांधाव्या. सौर तक्ते दक्षिणेकडील उतारावर बसवावे लागतात, परंतु आधीं आढीं आणि वासे तेवढें वजन पेलतील कीं नाहीं तें तपासून घ्यावें.

अंगण आणि वेली

करडें घर झाडांशिवाय पोरकें दिसतें. पण वेल भिंतीवर थेट चढवूं नये. भिंतीपासून वीतभर दूर लांकडी किंवा लोखंडी जाळी उभी करून तिच्यावर चढवावी. जाई, जुई आणि मधुमालती ह्या दगडापुढें फार गोड दिसतात. पांढऱ्या फुलांना करड्यासारखी दुसरी पार्श्वभूमि नाहीं. कुंपणाशीं पारिजातक किंवा अनंत असावा. जोत्याला लागून मातीचे वाफे करूं नयेत. तेथें शहाबादी फरशीची दोन हात रुंद पट्टी घालून तिचा उतार घरापासून दूर ठेवावा. दरजेंत उगवलेला पिंपळ हा तर घराचा उघड वैरी. दोन पानांचा असतांनाच त्याला मुळासकट काढून अंगणाबाहेर दुसरीकडे लावावा. ‘पिंपळ कसा तोडायचा?’ म्हणून वाट पाहणारांचीं घरें त्यानें उभीं चिरलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. कुंपणाची भिंत कमरेपेक्षां उंच नसावी, म्हणजे येणाराला जोतें, पायऱ्या आणि वृंदावन हीं दिसतात. घराच्या दर्शनाचें निम्मे श्रेय त्यांचेंच असतें.

आतां आमच्या घराची हकीकत पुरी करतों. त्या वृद्ध गवंड्यानें आणि त्याच्या मुलानें मिळून सबंध हिंवाळाभर सिमेंटच्या दरजा हातछिनीनें काढल्या. रंग काढण्यासाठीं वाळूचा मारा करण्याचें एकानें सुचविलें होतें. परंतु त्यानें दगडाचें तोंड खरवडलें जातें, म्हणून तें टाळून रंग सोडविण्याचें औषध, पाणी आणि मऊ कुंचला ह्यांवरच भागविलें. काम पाहून बंधु प्रथम नाराज होते. परंतु बदामी रंगाखालून तो निळसर करडा दगड हातहात उघडा होऊं लागला तेव्हां तेच रोज संध्याकाळीं येऊन उभे राहूं लागले. एका दगडावर छिनीनें कोरलेलें आजोबांचें नांव निघालें. रंग देतांना तें आम्हां कोणाच्याही लक्षांत आलें नव्हतें.

भिंत वाळावयास दोन वर्षें लागलीं. तिसऱ्या वर्षीं श्रावण संपत आला तरी खोली कोरडी राहिली, आणि आम्हीं आईला खालीं आणलें. दुसऱ्या दिवशीं पहांटे तांब्याचा आवाज ऐकून आम्ही जागे झालों. ती कोणालाही न उठवतां काठी टेकीत अंगणांत गेली होती. तुळशीला पाणी घालून झाल्यावर तिनें परततांना भिंतीच्या दगडावर एकदां तळहात ठेवला, आणि आम्हांला पाहून म्हणाली, “कोरडी आहे हो.” पुढें कांहीं बोलली नाहीं.

वाचकांना शेवटीं एकच विनंति आहे. आपल्या करड्या घराला नवें रूप देण्याचें मनांत असेल तर रंगाच्या दुकानांत जाण्यापूर्वीं मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसांत छत्री घेऊन रस्त्याच्या पलीकडे अर्धा तास उभे रहा. पन्हळ कोठें भरून वाहतो, पागोळ्या कोठें पडतात, कोणती भिंत कोठवर भिजते आणि पाणी अंगणांतून कोणीकडे जातें, तें कागदावर टिपून ठेवा. तेवढ्या जागा आधीं नीट करा. मग रंग किती हवा तें घर स्वतःच सांगेल, आणि बहुधा तो तुम्हांला वाटला होता त्याच्या निम्माच लागेल.